तीन पेटते फुगे आणि एक निरोप्या

१८५७ म्हटलं की मेरठ, दिल्ली, झाशी आठवते, नागपूर क्वचितच. म्हणून हा धडा आला की मी मुलांना टाकळीची हकिकत सांगतो.

भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी १८५४ मध्ये खालसा केलं. तीन वर्षांनी, १३ जून १८५७ च्या मध्यरात्री उठाव करायचा बेत ठरला. टाकळीच्या छावणीतला रिसाला आणि शहरातले काही प्रतिष्ठित मुसलमान त्यात होते. शहरातून आकाशात तीन पेटते फुगे सोडायचे आणि ते दिसताच स्वारांनी निघायचं, असा इशारा ठरला होता. पायदळाला उठवायला दफेदार दाऊद खान गेले. पण ज्या पहिल्या शिपायाशी ते बोलले, त्यानेच त्यांना पकडून दिलं. बेत फसला. दिलदार खान, इनायतुल्ला खान, विलायत खान, नवाब कादर खान फासावर गेले.

"सर, गद्दार कोण होता?" मुलांचा पहिला प्रश्न हाच असतो.

हाच प्रश्न संगणकशास्त्राने वेगळ्या बाजूने सोडवला. १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांनी 'बायझंटाइन सेनापतीं'चं कोडं मांडलं. शहराला वेढा घालून बसलेले सेनापती निरोप्यांमार्फत बोलतात, त्यांच्यात काही फितूर आहेत. तरीही प्रामाणिक सेनापतींचा निर्णय एकच कसा व्हावा? इथे सेनापती म्हणजे एकमेकांना जोडलेले संगणक आणि फितूर म्हणजे बिघडून प्रत्येकाला वेगळंच सांगणारा संगणक. उत्तर असं निघालं की नुसत्या तोंडी निरोपांवर तिघांत एक फितूर असला तरी एकमताची खात्री देता येत नाही. एका फितुरासाठी किमान चौघे हवेत, दोन फितुरांसाठी सात. म्हणजे फितूर असणारच, हे धरूनच आखणी करायची.

आता नागपूरकडे पाहा. फुगे सगळ्यांना एकाच वेळी दिसणार होते, ही युक्ती हुशारीची होती. पण फुगा फक्त 'निघा' एवढंच सांगतो. पायदळ सोबत येणार की नाही, हे सांगत नाही. तो दुवा एका माणसावर टांगलेला होता. दाऊद खान पकडले गेले आणि दुवा तुटला.

मग त्या शिपायाचं काय? त्याने उठाववाल्यांना शब्द दिला होता का? गद्दार म्हणण्याआधी एवढं तरी विचारायला हवं. गद्दारीचा शिक्का किती सहज बसतो आणि पुसायला किती पिढ्या जातात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

म्हणून वर्गात मी आधी चौघांची नावं फळ्यावर लिहितो, मग दाऊद खानांचं. गद्दाराची जागा रिकामी ठेवतो आणि मुलांना विचारतो, "बेत तुम्ही आखला असता, तर निरोपे किती पाठवले असते?"