वीस तास आधी

५ ऑक्टोबर २००८ च्या रात्री अमेरिकेतील ॲरिझोनामध्ये, माउंट लेमनवरील वेधशाळेत, रिचर्ड कोवाल्स्की नित्याची आकाशटेहळणी करीत होते. दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमांत त्यांना एक अंधूक, सरकता ठिपका दिसला. असे ठिपके तिथे नेहमीच सापडत. परंतु त्याची कक्षा मांडली गेली तेव्हा निराळेच उत्तर आले. हा लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार नव्हता. तो पृथ्वीवरच येऊन पडणार होता, आणि तेही जेमतेम वीस तासांत.

असे पूर्वी कधीच घडले नव्हते. १८०३ साली फ्रान्समधील लेग्ल येथे दगडांचा वर्षाव झाला आणि बियो यांनी गावोगाव फिरून त्याची शहानिशा केली, तेव्हा कुठे विद्वानांनी आकाशातून दगड पडतात हे मान्य केले. त्यानंतरही प्रत्येक अशनीची कथा तो पडल्यावरच सुरू होत असे.

‘२००८ टीसी३’ असे नाव मिळालेला हा लघुग्रह सुमारे चार मीटरांचा होता. एखाद्या मोटारीएवढा! त्यापासून धोका नव्हता, पण घाई मात्र होती. जगभरच्या व्यावसायिक आणि हौशी निरीक्षकांनी काही तासांत पाचशेहून अधिक नोंदी केल्या. त्याच्या प्रकाशाचा वर्णपटही घेतला गेला. शेवटच्या तासाभरात तो पृथ्वीच्या छायेत शिरला आणि दिसेनासा झाला.

७ ऑक्टोबरच्या पहाटे, सुदानच्या घड्याळात ५ वाजून ४६ मिनिटांनी, न्युबियन वाळवंटावर सुमारे ३७ किलोमीटर उंचीवर त्याचा स्फोट झाला. काही उरले असेल अशी फारशी आशा नव्हती. तरीही डिसेंबरमध्ये खगोलशास्त्रज्ञ पीटर येनिस्केन्स आणि खार्टूम विद्यापीठाचे मुआविया शद्दाद विद्यार्थ्यांना घेऊन वाळवंटात उतरले. रांग धरून, वाळू न्याहाळत ते चालत राहिले. पहिला काळा तुकडा एका विद्यार्थ्याला सापडला. पुढील मोहिमांत असे सुमारे सहाशे तुकडे मिळाले. त्यांचे एकूण वजन दहा किलोंच्या आसपास भरले. अवकाशात पाहिलेला लघुग्रह आणि हातातला दगड एकच आहेत, असे प्रथमच म्हणता आले.

या अशनीला नाव मिळाले ‘अल्माहाता सित्ता’, म्हणजे ‘सहावे स्थानक’. महदी राजवटीविरुद्धच्या मोहिमेसाठी किचनेरने १८९७ मध्ये हा लोहमार्ग टाकला, तेव्हा ओसाड वाळवंटातील स्थानकांना केवळ क्रमांकच देण्यात आले होते.

त्या रात्री मात्र दैवाचीही साथ होती. १६ ऑगस्ट २०२० रोजी ‘२०२० क्यूजी’ हा तसाच छोटा लघुग्रह पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरांवरून निघून गेला. तो सूर्याच्या दिशेने आला होता. तो गेल्यानंतर सुमारे सहा तासांनी टिपलेल्या प्रतिमांत त्याची रेघ प्रथम ज्यांनी हेरली, त्यांत आयआयटी मुंबईतील प्रकल्पावर काम करणारे विद्यार्थी होते.