रायफलच्या बोल्टवर लेप कशासाठी देतात?

स्वयंचलित रायफल किंवा कार्बाइनच्या आत प्रत्येक गोळीबरोबर मागे-पुढे धावणारा पोलादी भाग म्हणजे बोल्ट कॅरियर. त्याच्या पुढच्या टोकाला बोल्ट बसवलेला असतो. गोळी सुटताना बोल्ट चेंबर घट्ट बंद ठेवतो. नंतर गॅसच्या दाबाने कॅरियर मागे जातो, बोल्ट उघडतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि स्प्रिंगच्या जोराने परत येताना नवी गोळी चेंबरमध्ये जाते.

हे किती वेगाने घडतं? पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने आराखडा केलेली जेव्हीपीसी कार्बाइन मिनिटाला 700 हून जास्त गोळ्या झाडते. म्हणजे एका सेकंदात ही फेरी अकराहून जास्त वेळा पूर्ण होते. एक फेरी अडली की शस्त्र जॅम होतं, आणि चकमकीत तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

नुसतं तेल का पुरत नाही?

राजस्थानात तेलाला वाळू चिकटते आणि पॉलिश पेपरसारखी घासू लागते. सियाचिनच्या थंडीत साधं तेल घट्ट होतं. पावसाळ्यात उघड्या पोलादाला गंज चढतो. त्यात गोळीच्या दारूची काजळी साचत राहते. जेव्हीपीसीनेही कडक उन्हाळ्यातल्या आणि अतिउंचावरच्या थंडीतल्या चाचण्या दिल्या. लष्कराच्या अखेरच्या चाचण्या डिसेंबर 2020 मध्ये पार पडल्या.

लेपाचे मुख्य प्रकार

फॉस्फेटिंग: जुना आणि स्वस्त मार्ग. पोलादावर मँगेनीज किंवा झिंक फॉस्फेटचा करडा, सच्छिद्र थर तयार होतो. तो तेल धरून ठेवतो, पण कोरडा राहिला तर फारसा उपयोग नाही.

हार्ड क्रोम: कडक आणि गुळगुळीत, त्यामुळे काजळी पटकन पुसली जाते. मात्र प्लेटिंग करताना पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकतं, म्हणून भाग नंतर भट्टीत तापवावा लागतो. शिवाय प्लेटिंगच्या टाकीतलं क्रोमियम विषारी असतं.

नायट्रायडिंग: हा वेगळा थर नसतो. नायट्रोजन पोलादाच्या पृष्ठभागातच मुरवला जातो, त्यामुळे पोपडा निघण्याची भीती कमी.

पीव्हीडी आणि डीएलसी: निर्वात कक्षात चढवलेले काही मायक्रॉनचे थर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ. भोसरी-चाकणच्या मशिन शॉपमधल्या सोनेरी ड्रिलवर असतो तो टायटॅनियम नायट्राइडचा थर याच कुळातला. डीएलसी म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा काळा थर. तो अतिशय कठीण असतो आणि कोरड्या पोलादाच्या तुलनेत घर्षण कितीतरी कमी करतो.

मग सगळीकडे डीएलसीच का नाही?

एक कारण खर्च. दुसरं, लेपाखालचं पोलाद. मऊ पोलादावर कठीण थर म्हणजे गादीवर ठेवलेली काच: दाब आला की तडकते. तिसरं, तापमान. नायट्रायडिंग साधारण 500 अंश सेल्सियसच्या वर होतं. बोल्टचं पोलाद त्याहून कमी तापमानाला टेंपर केलेलं असेल, तर त्याचा कडकपणा उतरतो आणि बाहेरून छान दिसणारा बोल्ट आतून कमकुवत होतो. म्हणून पोलाद, उष्णता-प्रक्रिया आणि लेप हे तिन्ही एकत्रच ठरवावे लागतात. जाडीही मोजावी लागते, कारण थोडा जादा थर चढला तरी भाग आपल्या खाचेत अडकू शकतो.

लेप दिला म्हणजे सफाई संपली, असं मात्र नाही. लेपामुळे काजळी सहज निघते आणि तेल कमी लागतं. पण खाचांत साचलेली वाळू आणि काजळी हातानेच काढावी लागते.