परगणे शरीराबाद : एकनाथांच्या भारुडांतील प्रतीके आणि इतिहासाचे वाचन

प्रस्तावना

साहित्य आणि कला यांतील प्रतीकांचा विचार करताना आपल्याकडे एक ठराविक पद्धत रूढ झाली आहे. प्रतीकाचा दृश्य भाग हे वरचे टरफल आणि त्यामागील आध्यात्मिक आशय हा आतला गर, असे मानून टरफल बाजूला सारले जाते. संत एकनाथांची भारुडे या पद्धतीने शिकविण्याचा प्रघात विशेष आहे. विंचू म्हणजे विकार, गाव म्हणजे देह, धनी म्हणजे परमेश्वर, असा कोष्टकवजा उलगडा झाला की पाठ संपतो. मराठीचे अध्यापक असा उलगडा करतात यात नवल नाही. परंतु इतिहासाचे अभ्यासकही भारुडांकडे भक्तिसाहित्य म्हणून पाहतात व आपले काम दप्तरांपुरते मर्यादित ठेवतात, ही गोष्ट खटकणारी आहे. एकनाथांनी निवडलेले प्रतीक सोळाव्या शतकातील गोदाकाठच्या व्यवहारातून आलेले असल्याने तो व्यवहार कळल्याशिवाय आतला अर्थही पुरता हाती लागत नाही, हे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी 'अर्जदस्त' आणि 'जोहार' या दोन प्रकारांचा प्रामुख्याने विचार केला आहे. काव्यशास्त्राच्या दृष्टीने यांस रूपक म्हणणे अधिक काटेकोर ठरेल. येथे प्रतीक हा शब्द व्यापक अर्थाने योजला आहे.

भारूड : दोन मुखे, एक उदर

'भारूड' या शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. बहुरूढ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो, तसाच भारुंड या दोन मुखांच्या काल्पनिक पक्ष्याशीही जोडला जातो. भाषाशास्त्रीय निर्णय काहीही असो, दुसरी कल्पना अभ्यासकाला उपयुक्त वाटते. पंचतंत्रातील कथेत या पक्ष्याचे एक मुख गोड फळ एकटेच खाते, तेव्हा चिडलेले दुसरे मुख विषारी फळ खाते आणि उदर एकच असल्यामुळे पक्षी मरतो. भारुडाचा लौकिक अर्थ आणि पारमार्थिक अर्थ यांचे नाते असेच एका उदराचे आहे.

कलेतिहासाच्या क्षेत्रात हे भान आधीच आलेले दिसते. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेणीत ओवरीच्या भिंतीवर भवचक्राचा भग्न अंश आहे. एकेकाळी त्याला राशिचक्र समजले गेले. पुढे ते बौद्ध भवचक्र असल्याचे स्पष्ट झाले. तरीही त्यातील माणसे, त्यांचे पोशाख, घरे आणि कामे ही पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील जीवनाची साधने म्हणून अभ्यासली जातातच. चित्राचा धार्मिक अर्थ सापडला म्हणून कोणी चित्रातील माणसे पुसून टाकत नाही. भारुडांच्या बाबतीत मात्र आपण नेमके तेच करतो.

अर्जदस्त : नेमलेले आणि वतनदार

एकनाथांचा काळ साधारणतः इ.स. 1533 ते 1599 असा मानला जातो. पैठण आणि देवगिरी हा प्रदेश त्या काळी अहमदनगरच्या निजामशाहीत होता. देवगिरीचा म्हणजे दौलताबादचा किल्ला 1499 मध्ये निजामशाहीकडे आला होता. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे या किल्ल्यावर अधिकारपदावर होते आणि शिष्य त्यांच्याकडे हिशेबाचे काम पाहत असे, असे परंपरा सांगते. एका पैच्या चुकीचा शोध रात्रभर घेणाऱ्या नाथांची कथा सर्वश्रुत आहे. ती एकाग्रतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिच्यातून सूचित होणारी दुसरी गोष्ट, म्हणजे नाथांना दप्तराची भाषा आतून ठाऊक होती ही, सहसा लक्षात घेतली जात नाही.

त्यांच्या भारुडांत अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र, अभयपत्र अशा नावांच्या रचना आढळतात. ही सर्व दप्तरी कागदांची नावे होत. अर्जदस्त म्हणजे कनिष्ठाने वरिष्ठाकडे पाठविलेला विनंतीचा कागद. नाथांच्या अर्जदस्तात पत्ता आहे तो परगणे शरीराबाद, किल्ले कायापुरी येथील. अर्ज करणारे आहेत जिवाजी शेकदार आणि बुधाजी कारकून. त्यांची तक्रार आहे ती दंभाजी शेट्या, कामाजी महाजन, मनीराम देशमुख, ममताई देशपांडीण आणि क्रोधाजी नाईकवाडी यांच्याविरुद्ध. ही मंडळी सरकारचे काम चालू देत नाहीत. पुढे यमाजीपंताची तलब येते आणि परगण्याचा कारभार आटोपतो.

कोष्टक पद्धतीने याचा अर्थ लावणे अगदी सोपे आहे. जीव, बुद्धी, दंभ, काम, मन, ममता, क्रोध ही नावे इतकी उघड आहेत की उलगडण्यासारखे काही उरतच नाही. मग प्रश्न असा की, या भावांना हीच पदे का दिली? मन देशमुख का, शेकदार का नाही?

येथे मध्ययुगीन महसूल व्यवस्थेची माहिती असणे आवश्यक ठरते. शेकदार आणि कारकून हे सरकारने नेमलेले अंमलदार. त्यांची नेमणूक होते, बदली होते, त्यांना परत बोलावले जाते. देशमुख आणि देशपांडे हे परगण्याचे वंशपरंपरागत वतनदार. एक परगण्याचा प्रमुख, दुसरा हिशेब राखणारा. शेटे आणि महाजन हे पेठेचे वतनदार. राज्य बहमनींचे असो, निजामशाहीचे असो वा पुढे मराठ्यांचे असो, वतनदार जागेवरच राहिले. सुलतान बदलला म्हणून देशमुख बदलला नाही. नव्या अंमलदाराला जमिनीची, शिवारांची व रयतेची माहिती वतनदाराकडूनच घ्यावी लागे आणि तेथेच त्याची अडवणूक होत असे.

ही चौकट ध्यानात घेतली म्हणजे नाथांच्या निवडीतील नेमकेपणा प्रत्ययास येतो. जीव आणि बुद्धी हे देहात मुदतीपुरते नेमलेले आहेत. विकार मात्र वतनदार आहेत. ते आधीपासून मुरलेले, परगण्याचे कागद आपल्या ताब्यात ठेवून बसलेले आहेत. ममता ही देशपांडीण आहे, कारण 'माझे काय आणि किती' याची वही तिच्याकडे असते. दंभ पेठेत बसतो, कारण त्याला गिऱ्हाईक लागते. क्रोध हा वसुलीच्या धाकासाठी पाठविला जाणारा शिपाई आहे. 'विकार माणसाला छळतात' हे विधान कोणताही कीर्तनकार करील. 'विकार हे वतनदार आहेत आणि तू तात्पुरता अंमलदार आहेस' हे विधान करण्यासाठी परगण्याचा कारभार पाहिलेला माणूसच हवा. जॉन बन्यनच्या 1678 मधील प्रसिद्ध रूपककथेत मोक्षाचा मार्ग हा वाटसरूचा रस्ता आहे. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी पैठणच्या कवीला आत्म्याची कथा सरकारी पत्रव्यवहारात सापडली, हा फरक दोन्ही समाजांविषयी बरेच काही सांगतो.

गोदाकाठच्या आमच्या भागात देशमुख, देशपांडे, शेटे, महाजन, नाईकवाडे ही आज केवळ आडनावे आहेत. वडीगोद्री, शहागड, अंबड परिसरातील विद्यार्थ्याला हे भारूड ऐकताना हसू येते, ते ओळखीच्या आडनावांमुळे. नाथांच्या श्रोत्याला आलेले हसू वेगळे असावे. तलब हा शब्द कानी पडताच ज्याच्या पोटात गोळा येत असे, त्याचे ते हसू होते.

साधन म्हणून मर्यादा

अर्थात भारूड हा दप्तरी कागद नव्हे. त्यावर शिक्का नाही, तारीख नाही. ते गायकांच्या मुखातून आणि हस्तलिखितांतून छापील गाथेपर्यंत आले आहे. वाटेत एखादे जुने पदनाम जाऊन नवे आले असणे सहज शक्य आहे. म्हणून अमुक हुद्दा निजामशाहीत अमुक साली होता, असे सिद्ध करण्यासाठी अर्जदस्ताचा आधार घेणे धाडसाचे ठरेल. तथापि नेमलेला अंमलदार आणि वंशपरंपरागत वतनदार यांच्यातील ताण हा एखाद्या राजवटीपुरता नव्हता. त्या संबंधाविषयी, आणि विशेषतः सामान्य माणूस त्याकडे कसा पाहत होता याविषयी, भारुडाची साक्ष महत्त्वाची आहे. दप्तरातील कागद वतनदाराचा हक्क सांगतो. त्याच्याविषयी पेठेत काय बोलले जात होते, ते सांगत नाही.

दख्खनमध्ये हा मार्ग एकट्या नाथांचा नव्हता. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या 1978 च्या ग्रंथात दखनी भाषेतील चक्कीनामा व चरखानामा या गीतप्रकारांकडे लक्ष वेधले आहे. बायकांनी दळताना व सूत काढताना म्हणावयाच्या या गीतांत जाते आणि चरखा हीच ईश्वरस्मरणाची प्रतीके होतात. एकाचे प्रतीक कचेरीतून आले, दुसऱ्याचे जात्यावरून.

जोहार : प्रतीकामागील माणूस

खरा पेच उद्भवतो तो जोहाराच्या भारुडांत. येथे देहरूपी गावाचा महार धन्याला जोहार घालून गावाची खबर आणि हिशेब सांगतो. नाथांनी, म्हणजे पैठणच्या एका प्रतिष्ठित ब्राह्मण घराण्यातील पुरुषाने, अशा अनेक रचना महाराच्या मुखातून केल्या आहेत. एलिनॉर झेलियट यांनी या भारुडांचा विचार करताना संत हा संस्कृतींमधील दुवा असल्याचे प्रतिपादन केले. हे मत मोलाचे आहे, पण अपुरे वाटते.

महार हा गावगाड्यात शिवेचा जाणकार होता. शिवेचा तंटा पडला की त्याची साक्ष घेतली जाई. तो चावडीवर रयतेला बोलावून आणी, सरकारी भरणा पोचवी, येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर ठेवी. कोणाकडे किती बाकी आहे हे त्याला ठाऊक असे. देहाच्या गावाची खरी स्थिती सांगण्यासाठी नाथांनी त्याची निवड केली ती या अधिकारामुळे. पण ज्याचा शब्द शिवेच्या वादात प्रमाण, त्याला गावात स्पर्श वर्ज्य होता. आणि जोहार या अभिवादनातच ती पायरी सांगितलेली होती. प्रतीकाचा पारमार्थिक उलगडा करताना महाराचे ज्ञान आणि त्याचा अपमान, दोन्ही एकदमच पुसले जातात. उरतो तो 'साधक'.

नाथांच्या आधी चोखोबांनी जोहार घातला होता. परंपरेने त्यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणा राजा हे गाव बुलडाणा जिल्ह्यात, जालन्याच्या सीमेजवळच आहे. 1338 मध्ये मंगळवेढ्यास कोसळलेल्या गावकुसाखाली त्यांचा अंत झाला असे मानतात. शब्द एकच असला तरी चोखोबांचा जोहार हा त्यांच्या जगण्याचा भाग होता. नाथांचा जोहार ही घेतलेली भूमिका होती. भूमिका सोडून नाथ आपल्या वाड्यात परतू शकत होते. त्यांच्या सहृदयतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, मात्र हे अंतर मान्य न करता दोघांचे जोहार एका ओळीत लावणे हा इतिहासावर अन्याय होईल.

विसाव्या शतकात या प्रतीकाचे पुढे काय झाले, तेही येथेच नोंदविले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हा वतन ही गुलामगिरीची साखळी असल्याचे त्यांनी दाखवून दिले. चळवळ वाढत गेली तसा जोहार मागे पडला आणि पुढे त्याची जागा जयभीमने घेतली. म्हणजे ज्या समाजाच्या मुखी नाथांनी हा शब्द घातला, त्या समाजाने तो जाणीवपूर्वक टाकून दिला. ज्यांच्या आजोबांनी जोहार सोडला असे विद्यार्थी आज आपल्या वर्गात बसलेले असतात. त्यांच्यासमोर 'येथे महार म्हणजे जीवात्मा' एवढेच सांगून पुढे जाणारा अध्यापक प्रतीकाचा अर्धाच अर्थ सांगत असतो, आणि जो अर्धा गाळतो तो नेमका त्या विद्यार्थ्यांचा असतो.

अभयपत्र

जोगवा, गोंधळ, वासुदेव, जोशी या इतर रूपांचे असेच वाचन करता येईल. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या परिसरात जोगवा ही आजही जिवंत प्रथा आहे, म्हणून तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. येथे केवळ अभयपत्राचा उल्लेख करून थांबतो.

युद्ध, दुष्काळ किंवा जुलमामुळे गाव ओस पडले की सरकार पळालेल्या रयतेला कौल देत असे. परत या, शेत करा, काही वर्षे सारा हलका घेऊ, मागची बाकी मागणार नाही, अशा स्वरूपाचे ते लेखी आश्वासन असे. त्यावर विश्वास ठेवून कुटुंबे गुरेढोरे घेऊन परतत आणि पडलेली घरे पुन्हा उभी राहत. नाथांचे अभयपत्र याच जातीच्या कागदाची आठवण करून देते. ईश्वरी कृपेसाठी त्यांच्यापुढे पुराणांतली असंख्य प्रतीके उपलब्ध होती. त्यांनी निवडला तो कागद, जो हाती घेऊन गोदाकाठचा कुणबी आपल्या ओसाड गावाकडे परत निघत असे.