आळसाची नोंदवही

१८९३ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या गांजा-भांग आयोगाच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असाही होता की, या सेवनाने मनुष्य आळशी बनतो काय? हजाराहून अधिक साक्षी झाल्या. परंतु आयोगाची खरी चिकाटी दिसते ती वेडाच्या तपासात. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्यांत ‘कारण : गांजा’ हा शेरा पुष्कळदा पुरेशा चौकशीविनाच पडलेला त्यास आढळला. माफक सेवन सहसा निरुपद्रवी, अतिरेक घातक, असा निर्वाळा १८९४ च्या अहवालाने दिला.

आळसाची नोंदवही मात्र कोण ठेवणार?

आमच्या वर्गातला एक बुद्धिमान मुलगा कॉलेजात चिलमीला लागला. तो वेडा झाला नाही, त्याने गुन्हा केला नाही. अर्ज भरायचे राहिले, परीक्षा पुढल्या वर्षावर गेली, आईचे औषध आणायला संध्याकाळ उजाडू लागली, इतकेच. आम्ही त्यास ‘गंजेकस’ ठरवून मोकळे झालो. वडील त्याच वर्षी निवर्तले होते, हे मीदेखील जमेस धरले नाही; इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे शोभले नाही. अशा निरुत्साहाला पुढे पाश्चात्त्य वैद्यकाने नाव दिले. पण त्यात कारण कोणते नि परिणाम कोणता, हा वाद अद्याप मिटलेला नाही. कोवळ्या वयातील रोजची सवय अधिक धोक्याची, याविषयी मात्र बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे.

गेल्या दिवाळीत तो भेटला. चिलीम सुटून बारा वर्षे झाली, म्हणाला. सकाळी उठणे अजून जड जाते.