पायातील रक्ताची गुठळी : किती जणांना होते, धोका कोणाला?

घरात अम्मीचा पाय सुजला की आपण काय करतो? तेल गरम करतो, पाय चोळतो आणि 'थकवा असेल' म्हणून सोडून देतो. पण एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, हाताला गरम लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. डॉक्टर याला डीप व्हेन थ्रोम्बोसिस म्हणजेच डीव्हीटी म्हणतात. अशा वेळी पाय चोळू नका. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतू शकते.

हा आजार वाटतो तितका दुर्मिळ नाही. पाश्चात्त्य देशांतील नोंदींनुसार दर १,००० प्रौढांमागे वर्षाला साधारण १ ते २ जणांना पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होते. वयाबरोबर हे प्रमाण वाढत जाते.

धोका कोणाला जास्त?

ऑपरेशन आणि हॉस्पिटल : सुमारे निम्म्या केसेस हॉस्पिटलात असताना किंवा घरी आल्यानंतरच्या काही आठवड्यांत होतात. खुबा आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर विशेष जपावे.

बाळंतपण : गरोदरपणात धोका चार-पाच पटीने वाढतो, बाळंतपणानंतरचे ६ आठवडे त्याहून जास्त. म्हणून चाळीस दिवस बाळंतिणीला खाटेवरच झोपवून ठेवू नका. डॉक्टरांना विचारून घरातल्या घरात चालू द्या.

गोळ्या : इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी धोका वाढतो. हज-उमऱ्याला जाताना पाळी पुढे ढकलायची असेल, तर मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका. आधी डॉक्टरांना भेटा.

लांबचा प्रवास : चार तासांहून जास्त बसून राहिल्यास धोका साधारण दुप्पट होतो. तरीही निरोगी माणसात तो सुमारे ६,००० मध्ये १ इतकाच असतो. मुंबई-जेद्दा विमानात अधूनमधून उठा, पाय हलवा, पाणी प्या.

याशिवाय कॅन्सर, लठ्ठपणा, तंबाखूचे धूम्रपान, आधी झालेली गुठळी किंवा घराण्यात कुणाला झालेली गुठळी हीही कारणे आहेत. दोन-तीन कारणे एकत्र आली की धोका अनेक पटीने वाढतो.

निदान डॉपलर सोनोग्राफीने होते आणि वेळेत औषध मिळाले तर बहुतेक रुग्ण बरे होतात. अचानक दम लागला, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त आले, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.