जी६पीडी न्यूनता आणि प्रायमाक्विन
जी६पीडी न्यूनता म्हणजे तांबड्या रक्तपेशींचे रक्षण करणाऱ्या एका विकराची (एन्झाइमची) आनुवंशिक कमतरता. मुंबईच्या पारशी समाजात तिचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते. व्हायवॅक्स हिवताप पुन्हा उलटू नये म्हणून प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते. ही न्यूनता असलेल्यांच्या रक्तपेशी मात्र त्याने फुटू शकतात. हे कारण १९५६ मध्ये अमेरिकेत उलगडले.

लघवी लाल वा गडद झाल्यास किंवा ओठ निळसर पडल्यास गोळ्या थांबवून डॉक्टरांकडे यावे, हे रुग्णाला आधीच सांगणे आवश्यक असते. न्यूनता असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. ठरावीक औषधे टाळल्यास बहुतेकांचे आयुष्य निरोगी जाते, हेही स्पष्ट करावे लागते. मुलाला ती आईकडून मिळत असल्याने त्याचे सख्खे भाऊ, मामा व मावसभाऊ यांचीही तपासणी उपयुक्त ठरते.