तोफेआधी वाट

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा अकोल्याला आला होता. वय तेरा. मित्रांबरोबर खेळायच्या एका खेळासाठी त्याने वहीत एक काल्पनिक राज्यच उभे केले होते. त्यात राजा होता, नकाशा होता, उडत्या घोड्यांचे दल होते आणि शेवटच्या पानावर तोफखाना होता. "मामा, दोनशे तोफा! कोणताही किल्ला एका दिवसात पडतो," तो म्हणाला. मी विचारले, "ओढायला बैल किती?" वही त्याने पुन्हा चाळली. बैल कुठेच नव्हते.

मी हसलो खरा, पण रात्री वाटले, की आपण तरी वेगळे काय करतो? किल्ल्यावर गेलो की तोफेची लांबी मोजतो, नळीत डोकावतो आणि फोटो काढतो. ती तिथवर आली कशी, हे क्वचितच विचारतो. वऱ्हाडच्या इतिहासात मात्र हाच प्रश्न एका वर्षी निर्णायक ठरला. ते वर्ष १८०३.

आधी तोफखाना या शब्दाचाच विचार करू. तोफ म्हणजे नुसती नळी. तोफखान्यात गोलंदाज येतात, दारूगोळा येतो, गाडे, सुतार, लोहार आणि बैल येतात. अठरा पौंडी गोळा फेकणारी लोखंडी तोफ गाड्याशिवायच सुमारे दोन टनांची. आपल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात रिकामा छकडा रुततो, तिथे हे वजन कसे हलणार? सीमोल्लंघन दसऱ्याला होई, त्यामागे श्रद्धेइतकाच चिखलाचाही हिशेब होता. म्हैसूरचे अमृतमहाल बैल टिपूच्या तोफखान्यासाठी नावाजलेले होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते कंपनीकडे गेले. त्यांचे मोल आर्थर वेलस्ली पुरेपूर ओळखून होता.

हाच वेलस्ली २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई जिंकून पुढे वऱ्हाडात आला. २९ नोव्हेंबरला अडगावजवळ, म्हणजे आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात, त्याची गाठ नागपूरकर भोसल्यांच्या फौजेशी पडली. फौजेचे नेतृत्व दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. शिंद्यांचे घोडदळही सोबत होते. कंपनीचे सैन्य गावाच्या आडोशातून बाहेर पडताच मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि कंपनीच्या तीन पलटणी पाठ फिरवून पळाल्या. असईत याच शिपायांनी कितीतरी भयंकर मारा सोसला होता. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना सावरले नसते, तर संध्याकाळ वेगळी झाली असती.

म्हणजे अडगावला आपले गोलंदाज कमी पडले नाहीत. पण मैदानातली तोफ पायदळाच्या आणि घोडदळाच्या आधारावर उभी असते. तो आधार मोडला, की ती मागे ओढून नेणे जवळपास अशक्य. बाकीची फौज निघून गेली आणि ३८ तोफा दारूगोळ्यासह शत्रूच्या हाती पडल्या. शत्रूला पळवणाऱ्या तोफांना स्वतः मात्र पळता आले नाही.

उरलेल्या पायदळातील बरेच लोक गाविलगडावर गेले. चिखलदऱ्याजवळचा हा गड बहमनी सुलतान अहमदशाहाच्या काळातला, १४२५ च्या सुमारास बांधलेला. आतला किल्ला दक्षिणेकडे, पूर्णेच्या खोऱ्यावर नजर ठेवून, जिथे कडा सर्वांत उभा आहे तिथे. उत्तरेकडे मात्र पठाराची वाट लबाडा गावावरून येते. तिकडे बाहेरचा किल्ला आणि त्यापुढे आणखी एक तट. किल्लेदार बेनीसिंग.

७ डिसेंबरला एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, दोन फौजा निघाल्या. वेलस्ली दक्षिणेच्या पायथ्याकडे गेला. कर्नल स्टीव्हन्सन डोंगरांना वळसा घालून उत्तरेकडे निघाला. जवळजवळ सगळ्या वाटेवर त्याच्या अवजड तोफा माणसांनी हातांनी ओढल्या. वाट आधी शिपायांनी खणायची, मग तिच्यावरून तोफ न्यायची. १२ डिसेंबरला तो लबाड्याला पोचला आणि त्याच रात्री मोर्चे बांधले.

खरा धडा त्याच रात्रीचा आहे. दक्षिणेला वेलस्लीच्या माणसांनीही मोर्चा बांधला. पण शर्थ करूनही लोखंडी तोफा त्या चढावर चढेनात. ज्या पितळी तोफा चढल्या, त्यांच्या माऱ्याने तटाचे फारसे बिघडले नाही. उत्तरेकडच्या लोखंडी तोफांनी १३ तारखेच्या सकाळपासून मारा केला आणि १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडारे पडली. गड तोच, सेनापती तोच, तोफांची जातही तीच. फरक होता तो वाटेचा.

१५ डिसेंबरला हल्ला झाला. मधल्या दरीपलीकडचा आतला तट मात्र तोफांनी नव्हे, तर कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून घेतला. बेनीसिंग लढता लढता मारला गेला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांना परत मिळाले. पण वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाडचा मुलूख गेला आणि निजामाच्या पदरात पडला.

यंदा भाच्याला घेऊन मी अकोटवरून शहानूरमार्गे नरनाळ्यावर गेलो. तिथली नऊगजी तोफ लांबीवरूनच ओळखली जाते. पोरे तिच्यावर बसून फोटो काढत होती. भाचा तिच्याकडे न बघता आम्ही चढून आलो त्या वाटेकडे बघत होता. "एवढी मोठी वर आणली कुणी?" त्याने विचारले. राजांची आणि किल्लेदारांची नावे मी सांगू शकलो. दोर ओढणाऱ्या एकाचेही नाव मला सांगता आले नाही. १५ डिसेंबरच्या विजयाच्या कागदांत कॅम्पबेल आहे, पण लबाड्याची वाट खणणारा हात नावाने येत नाही. मराठ्यांच्या बाजूच्या गोलंदाजांचेही तेच.

घरी आल्यावर त्याने वही काढली. दोनशेवर काट मारून वीस तोफा लिहिल्या आणि खाली बैल, सुतार, लोहार आणि वाट करणारे यांच्यासाठी चार रकाने आखले. मग मला विचारले, "मामा, यांना नावं देऊ का?" मी म्हटले, "दे. सगळ्यांना दे."